नो वाई आहाऊ: मराएवरचे दोन दिवस

कृष्णाकाठ

न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला नर्सिंगच्या पहिल्या वर्षात वेळापत्रकात एक ओळ होती: मराए, दोन दिवस, एक रात्र. सोबत आणायच्या वस्तू: चादर, उशीचा अभ्रा, मुलींनी लांब स्कर्ट आणि एक गाणं. मला वाटलं, सहल आहे. आपल्याकडे शाळेच्या सहलीला पुऱ्या, बटाट्याची भाजी आणि अंताक्षरी असते, त्यामुळे यादीतल्या गाण्याचं काहीच वाटलं नाही. पण दोन आठवडे रोज जेवणाच्या सुट्टीत एकच माओरी गाणं घोटून घ्यायला लागले तेव्हा कळलं की प्रकरण वेगळं आहे.

मराए म्हणजे माओरी लोकांची, इथल्या मूळ रहिवाशांची, गावकीची जागा. मोकळं अंगण, त्यामागे कोरीव लाकडी सभाघर, बाजूला स्वयंपाक आणि जेवणाचं घर. देऊळ म्हणता येत नाही, समाजमंदिर म्हटलं तर डोळ्यांपुढे पत्र्याची शेड येते. आम्ही गेलो ती रोतोरुआजवळची. ते लोकांचं राहतं-वागतं घर आहे, पर्यटनस्थळ नाही, म्हणून नाव देत नाही. हॅमिल्टनहून बसने दीडेक तास. रोतोरुआ दिसायच्या आधी नाकाला कळतं. जमिनीतून गंधक येतं, उकडलेल्या अंड्यांचा वास. बसमध्ये सगळे एकमेकांकडे संशयाने बघत होते. मग रस्त्याकडेच्या गटारातूनच वाफ निघताना दिसली आणि वर्ग निर्दोष सुटला.

फाटकाशी थांबवलं. बारीक पाऊस. आत माणसं दिसतायत, स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येतोय, पण कुणी 'या' म्हणत नाही. आपल्याकडे पाहुणा पायरीवर असतानाच आतून 'या या, बसा, पाणी आणते' सुरू होतं. इथे पाहुणा आधी परका असतो आणि तसं मानण्यात कुणाला संकोच नसतो. बायका पुढे, पुरुष मागे असं उभं केलं. आमच्याबरोबर वयस्कर माओरी बाई होत्या, कारण आतून हाक आली की उत्तर देणारं कुणीतरी हवं.

मग ती हाक आली. कारांगा म्हणतात तिला. सभाघराच्या ओसरीतून एका बाईचा लांबवलेला, उंच आवाज. गाणं नव्हे, रडणं नव्हे, आणि दोन्हींच्या जवळचं. आमच्या बाईंनी उत्तर दिलं आणि चालायला लागल्या, त्यांच्यामागे आम्ही. अंगणाच्या मध्यावर सगळे थांबले आणि माना खाली घातल्या. आधी सांगून ठेवलं होतं की हाक फक्त तुम्हाला नसते, तुमच्याबरोबर तुमची गेलेली माणसंही येतात, त्यांनाही असते. मला आजी आठवेल असं वाटलं होतं. आठवले ते आमच्या आळीतले सायकल दुरुस्त करणारे काका, ज्यांच्या दहाव्याला मी परीक्षेचं कारण सांगून गेले नव्हते. मिनिटभर तसेच उभे होतो.

नंतर भाषणं, सगळी माओरीत. त्या भागात यजमान आणि पाहुणे आळीपाळीने बोलतात, सुरुवात यजमानांची आणि शेवटचा शब्दही त्यांचाच. प्रत्येक भाषण संपलं की वक्त्याच्या बाजूचे लोक उठून त्याच्यामागे गाणं म्हणतात. गाण्याशिवाय भाषण म्हणजे साक्षीदाराशिवाय करार. आमचं दोन आठवड्यांचं गाणं तिथे कामाला आलं. दुसऱ्या कडव्यात निम्मा वर्ग ढेपाळला, तेव्हा समोरच्या यजमान बायकांनी सूर उचलून आम्हाला पैलतीरी नेलं. मग आमच्या शेवटच्या वक्त्याने एक पाकीट जमिनीवर ठेवलं. हा कोहा, म्हणजे आहेरच. यजमानांपैकी एकाने येऊन उचलला.

आणि मग होंगी. रांगेत एकेकाशी हात मिळवायचा आणि नाकाला नाक, बहुतेकदा कपाळाला कपाळ लावायचं. ताने ह्या देवाने मातीची पहिली स्त्री घडवली आणि तिच्या नाकपुड्यांत श्वास फुंकला अशी त्यांची कथा आहे. होंगीत तो श्वास वाटून घ्यायचा. पहिल्या आजोबांना मी नाक जवळजवळ आपटलंच. ते म्हणाले, "सावकाश, मला हे अजून वापरायचंय." तिसाव्या माणसापर्यंत जमलं.

एवढं सगळं होईपर्यंत अंगावर तापू असतो, म्हणजे एक प्रकारचं भारलेपण. ते उतरतं कशाने? जेवणाने. प्रार्थना करून पहिला घास खाल्ला की परकेपण संपलं. ह्या सगळ्या विधीला पोफिरी म्हणतात, आणि त्याचं खरं शेवटचं पान मला जेवणानंतर दिसलं. ताटं उचलायला उठले तर एक आजी (त्यांना कुइया म्हणायचं) जवळ आल्या, भांडी पुसायचा पंचा माझ्या खांद्यावर टाकला आणि मोरीकडे बोट दाखवलं. तासाभरापूर्वी फाटकाबाहेर ताटकळलेली मी आता दीडशे ताटं पुसत होते, आणि शेजारी घासायला आमच्या विभागप्रमुख बाई.

मी वाईची. आमच्या घरी पाहुण्याने ताट उचललं तर आईला अपमान वाटतो. जितका सन्मान जास्त तितकं पाहुण्याने कमी हलायचं, असं आपलं गणित आहे. तो कायम पाहुणाच राहतो, दहा वर्षांनी आला तरी. तिथे पाहुण्याला पाहुणा राहू देत नाहीत. त्यांचा शब्द मानाकितांगा. त्याचं भाषांतर आदरातिथ्य असं करतात. त्यात 'माना' आहे, म्हणजे माणसाचं वजन, पत. समोरच्याचं वजन वाढेल असं वागायचं. हातात पंचा देणं हा त्यातलाच भाग आहे, हे पुसता पुसता हळूहळू लक्षात आलं.

त्या पंच्याचेही नियम आहेत. भांड्यांचे पंचे अंगाच्या कपड्यांबरोबर कधीच धुवायचे नाहीत. टेबलावर बसायचं नाही. उशीवर तर नाहीच, कारण उशी डोक्याची आणि डोकं सगळ्यात तापू. हे ऐकताना मला आजीचं सोवळं आठवत होतं, पण सहलीचा खरा अभ्यास इथेच होता. रुग्णाला अंघोळ घालताना डोक्याचा आणि खालच्या अंगाचा कपडा एक नको. जेवणाच्या टेबलावर लघवीचं भांडं नको. ह्या देशात रुग्णाला आपल्या हातून तो कोण आहे ते पुसलं जातंय असं वाटू नये, हा नर्सिंगच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे. इरिहापेती राम्सडेन ह्या माओरी परिचारिकेने तो मुद्दा लावून धरला, आणि १९९२ पासून नर्सिंग कौन्सिलने तो शिक्षणात आवश्यक केला. त्यातली मोठी गोष्ट म्हणजे शुश्रूषा सुरक्षित झाली की नाही हे नर्सने ठरवायचं नाही, रुग्णाने ठरवायचं.

रात्री सभाघरात झोपलो, भिंतीकडेने गाद्या मांडून, चाळीस माणसं. ते घर म्हणजे एका पूर्वजाचं शरीर असतं. छताच्या टोकाला तोंड, पुढच्या उतरत्या फळ्या म्हणजे पसरलेले हात, आढं म्हणजे कणा, वासे म्हणजे फासळ्या. आपण पोटात. भिंतीवर कोरलेल्या पूर्वजांचे शिंपल्याचे डोळे दिव्यात चकाकतात. त्यांच्या पायाशी गेलेल्या माणसांचे फोटो. आपल्याकडे हार घातलेले फोटो भिंतीवर उंच असतात, इथे ते झोपणाऱ्यांच्या बरोबरीने. घोरणारेही होते, ते वेगळं सांगायला नको.

झोपायच्या आधी प्रत्येकाने पेपेहा सांगायचा. माझा डोंगर अमुक, नदी अमुक, माझ्या पूर्वजांची होडी अमुक, आणि मग सगळ्यात शेवटी स्वतःचं नाव. आपण उलटं करतो, आधी नाव, मग गाव, मग 'कुठल्या वाड्यातले?' शिक्षिकेने बजावलं होतं की आपण परदेशी असू तर डोंगर पूर्वज असल्यासारखा दावा करू नका, ह्याच्या सावलीत वाढले म्हणा. म्हणून मी पांडवगडाच्या सावलीत वाढले म्हटलं, कृष्णेचं नाव घेतलं, होडी म्हणून लाल एसटी सांगितली (वाई-पुणे, खिडकीची जागा), आणि शेवटी ऐटीत म्हटलं: "नो वाई आहाऊ." मी वाईची.

सभाघर हसलं. त्या कुइया तर डोळे पुसत होत्या. माओरीत 'वाई' म्हणजे पाणी, आणि 'वाई' म्हणजे 'कोण' सुद्धा. मी उभी राहून म्हणत होते, मी पाण्याची, किंवा, मी कुणाची? मग मी सांगितलं की आमच्या गावाला घाटांची रांग आहे, गाव खरोखरच पाण्याशी बसलेलं आहे. त्या म्हणाल्या, "मग नाव बरोबर आहे. तुमचं तुम्हाला माहीत नव्हतं इतकंच."

---

सुमाक्का

किती छान लिहिलंयस गं. पंच्याचं वाचून हसले आणि मग विचारात पडले. लेकाच्या लग्नात माझी विहीण पदर खोचून वाढायला उठली तर सगळ्या बायकांनी तिला खाली बसवलं, आणि ती बिचारी दिवसभर अवघडून बसली. बरं, मुख्य प्रश्न राहिला. शाकाहारी माणसाने तिथे काय खायचं?

कृष्णाकाठ

अक्का, हा प्रश्न येणार हे माहीत होतं :) त्यांचं खास जेवण हांगी. खड्ड्यात दगड लालबुंद तापवायचे, वर टोपल्या, ओली पोती, मग माती. काही तास विसरून जायचं. मांस खाली, दगडांजवळ, आणि भाज्या वर, त्यामुळे रस खाली ठिबकतो. वाफ मात्र सामाईक. वर्गातल्या नाशिकच्या मुलीसाठी त्यांनी रताळी, बटाटे, भोपळा वेगळे पानात बांधून दिले, न मागता. रताळ्याला ते कुमारा म्हणतात. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, पॉलिनेशियन दर्यावर्दींनी आणलेलं. एकादशीलाही चालेल. रोतोरुआत काही ठिकाणी खड्डा पेटवायचीही गरज नसते, जमिनीतली वाफच पेटीत घेऊन शिजवतात.

खवचट_काका

लेखन चांगलं, पण दोन शंका. एक, रोतोरुआत संध्याकाळी बसगाड्या भरभरून पर्यटकांना हेच सगळं तिकीट लावून दाखवतात. मी पाहिलंय, तो हाका नावाचा नाच, जेवण, फोटो. दोन, आपल्याकडचं सोवळं म्हणजे मागासलेपण आणि त्यांचं तापू म्हणजे संस्कृती, हे कसं? शिवाय अंगणात बसताना बायका मागच्या बाकावर आणि भाषणं पुरुषांची. हेच आपल्या गावात झालं असतं तर ह्याच संस्थळावर दोनशे प्रतिसाद पडले असते.

हॅमिल्टनकर

काका, इथे अठरा वर्षं आहे म्हणून लिहितो.

तिकीटवाला कार्यक्रम तिकीटवालाच असतो, पण रोतोरुआत त्यालाही दीडशे वर्षांची परंपरा आहे. १८८६च्या आधी तारावेरा ज्वालामुखीजवळच्या, गरम झऱ्यांनी घडवलेल्या गुलाबी-पांढऱ्या पायऱ्या बघायला युरोपातून लोक यायचे आणि त्यांना होडीतून नेणारे, वाट दाखवणारे, पैसे घेणारे माओरीच होते. १० जून १८८६ला ज्वालामुखी फुटला आणि पायऱ्या गेल्या, गावं गाडली गेली. पाहुण्यांकडून पैसे घेणं ही काल आलेली भेसळ नाही.

बायकांचं. पहिला आवाज बाईचाच असतो. ती हाक देत नाही तोवर कुणी आत पाऊल टाकू शकत नाही. अंगणातलं भाषण बहुतेक जमातींत पुरुष करतात हे खरं. पूर्व किनाऱ्यावरच्या नाती पोरोउंमध्ये बायकाही उभ्या राहून बोलत आल्यात. आणि ह्यावर सगळ्यात तिखट वाद माओरी बायका स्वतः घालतात, आपण तिसऱ्यांनी त्यात उडी मारायची गरज नाही.

सोवळ्याचं. वस्तू आणि अंगाचे भाग वेगळे ठेवणं दोन्हीकडे आहे. पण जन्माने कुणी पंगतीबाहेर असा प्रकार मी इथे पाहिला नाही. जुन्या काळी सरदार होते, युद्धात पकडलेले गुलामही होते, ते गोंडस करायचं कारण नाही. आजच्या मराएवर मात्र डॉक्टर आणि ट्रक ड्रायव्हर एकाच मोरीपाशी उभे असतात.

आणि जे लोक इतकं दार उघडतात त्यांच्याबरोबर काय झालं तेही लक्षात असू द्या. ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार ह्यांच्यातल्या १८४०च्या वाइतांगी कराराचा इंग्रजी मसुदा सार्वभौमत्व दिलं म्हणतो, माओरी मसुद्यात 'कावानातांगा' आहे, म्हणजे कारभार चालवणं. पुढे १८६३ला वाइकातोत, म्हणजे आमच्या हॅमिल्टनच्या भागात, सरकारी सैन्य घुसलं आणि लाखो एकर जमीन जप्त झाली. मी राहतो ते घर त्याच जमिनीवर आहे. १९९५ला तडजोडीचा कायदा झाला, त्यात माफी होती, १७ कोटी डॉलरची भरपाई होती आणि राणी एलिझाबेथने स्वतः त्यावर सही केली. जप्त झालेल्या जमिनीच्या किमतीपुढे ती रक्कम किरकोळ. १९७५ला व्हिना कूपर नावाच्या जवळजवळ ऐंशीच्या बाई उत्तर टोकाहून वेलिंग्टनपर्यंत जमिनीसाठी मोर्चा घेऊन गेल्या, तिथून वारं फिरलं. शाळेत माओरी बोललं म्हणून छड्या खाल्लेले म्हातारे माझ्या ओळखीत आहेत. त्यांची नातवंडं १९८२ला सुरू झालेल्या कोहांगा रेओमध्ये, म्हणजे भाषेच्या घरट्यात वाढली. १९८७ला भाषा अधिकृत झाली.

अर्धवट_अभियंता

हॅमिल्टनकर, +१.

माझा अनुभव सुटा-बुटातला. ऑकलंडला सरकारी खात्यात रुजू झालो त्या दिवशी नव्या लोकांसाठी 'मिही फाकाताऊ' ठेवलं होतं, पोफिरीचं छोटं, घरगुती रूप. साहेबांचं भाषण झालं आणि अख्खं खातं उठून गायला लागलं. मी पुण्यात चौदा वर्षं नोकरी केली, पहिल्या दिवशी कधी ओळखपत्रही वेळेवर मिळालं नव्हतं. सहा महिन्यांनी मीच नव्या लोकांसाठी मागच्या रांगेत गात होतो. बेसूर.

अवांतर: 'तांगाता' (माणसं), 'मानाकितांगा' असं आपण लिहितो ते चूक आहे. तो आवाज आपला ङ आहे! ताङाता. नाती नव्हे, ङाती. कारांगा नव्हे, कारङा. पहिलीत 'क ख ग घ ङ' म्हणताना बाईंना विचारलं होतं की ह्या अक्षराने सुरू होणारा शब्द कुठला. त्या म्हणाल्या, नसतो. असतो, बाई. फक्त विमानाने जावं लागतं. इंग्रजी सहकाऱ्यांना हा उच्चार शब्दाच्या सुरुवातीला काही केल्या जमत नाही.

कृष्णाकाठ

अभियंता, हे भारी आहे. हातातली वही काढून सगळे शब्द ङ घालून पुन्हा लिहिले. धाग्यात मात्र तसंच ठेवते, नाहीतर लोक वाचताना अडखळतील.

निळी_छत्री

भारताचा एक जुना धागा माझ्याकडून. वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात काशाची फुटकी घंटा आहे, कडेला जुन्या वळणाची तमिळ अक्षरं. मोहोयिदीन बक्ष नावाच्या माणसाच्या जहाजाची घंटा, असा मजकूर. १८३६च्या सुमारास विल्यम कोलेन्सो ह्या मिशनऱ्याला ती उत्तरेकडच्या माओरी बायकांकडे सापडली. त्या तिच्यात बटाटे उकडत होत्या. त्याने लोखंडी भांडं देऊन ती बदल्यात घेतली. जहाज तिथवर गेलं की घंटाच वाहत पोचली, ह्यावर तर्क भरपूर आहेत.

कृष्णाकाठ

ही घंटा बघायलाच हवी. आमच्या वाईजवळ मेणवलीच्या घाटावर पोर्तुगीज घंटा आहे, वसईच्या मोहिमेनंतर आणलेली, तिच्यावर मेरी आणि बाळ येशू. ती देवळाला लागली, ही चुलीला. आजीला सांगितलं असतं तर म्हणाली असती, काशाच्या भांड्यात उकडलेलं चवीला बरं.

खवचट_काका

बायकांचा मुद्दा मान्य. सोवळ्याचा अर्धा मान्य. तिकिटाचा मुद्दा मी अजून सोडलेला नाही, मला त्या रात्री हांगीचं कोंबडं कच्चं मिळालं होतं.

रेवदंडा

मीही नर्स, पण मुंबईत. त्या डोक्याच्या कपड्याचं वाचून थबकले. आमच्याकडे एकच कपडा चालतो, आणि कुणाला विचारायला वेळ नसतो. अजून काय शिकवलं ते लिही ना.

कृष्णाकाठ

रेवदंडा, एक राहिलंय खरं. लिहू की नको असं झालं होतं.

मराएच्या लोकांना तांगाता फेनुआ म्हणतात, जमिनीची माणसं. फेनुआ म्हणजे जमीन. आणि फेनुआ म्हणजे वार सुद्धा, बाळंतपणातली. एकच शब्द. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कुइयांनी आम्हाला कुंपणाजवळची झाडं दाखवली आणि कुणाच्या फेनुआवर कुठलं झाड वाढलंय ते सांगितलं. आता प्रसूती विभागात आहे. बाळ झालं की आम्ही विचारतो, फेनुआ घरी नेणार का? हो म्हटलं तर नीट डब्यात घालून, नाव लिहून देतो, आणि तो डबा जेवणाच्या फ्रिजमध्ये कधीच ठेवत नाही. पूर्वी रुग्णालयं ती जाळून टाकायची. त्याचा राग अजून बायका बोलून दाखवतात.

मागच्या महिन्यात एका पंजाबी बाईलाही विचारलं. ती नाही म्हणाली. मग थोड्या वेळाने म्हणाली, पुरणार कुठे? आम्ही भाड्याने राहतो.

सुमाक्का

आमच्याकडे 'इथे काय नाळ पुरलीय का?' असं नुसतं बोलण्यात राहिलंय. पण माझी खरंच पुरलीय. आईचं बाळंतपण घरी झालं, सुईणीने वार न्हाणीमागे पुरली, वर दगड ठेवला. ते घर पाडून तिथे चार मजली झालं. पार्किंग आहे बहुतेक. पुढच्या वेळी गेले की बघते.